बाबांच्या डोक्यावरचे हात

शनिवारी दुपारी मनुका भिजत घालायच्या आणि रविवारी सकाळी त्या मलमलच्या धुवट फडक्यातून पिळायच्या, हे आमच्या घरात आईचं काम होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूच्या शेवटच्या जेवणाची भाकर आणि द्राक्षारस. न्हावऱ्यासारख्या गावात द्राक्षारस कुठून येणार, आणि आमच्या मिशनला तर दारूचा वासही खपत नसे, म्हणून मनुकांचं पाणी. भाकर म्हणून एकच चपाती, बिनमिठाची आणि तेलाचा हात न लागलेली. ती लाटताना आई कोणाशी बोलत नसे. मी मध्ये काही विचारलं की लाटणं उचलून गप्प राहण्याची खूण करायची. पिळून उरलेल्या चोथ्यात गुळाचा खडा घालून तो मला मिळायचा. त्या चोथ्याची चव माझ्या जिभेवर अजून आहे, प्रभुभोजनाची नाही. सत्तरी जवळ आल्यावर एवढं खरं बोलायला हरकत नाही.

बाबा तिथल्या मंडळीचे पाळक होते. मंडळी म्हणजे ओढ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीत जमणारी पंचवीस-तीस माणसं, त्यांतली निम्मी उशिरा येणारी. उसाला पाणी द्यायची पाळी आली की ती निम्मीही यायची नाहीत. बाबा मग सायकल काढून बांधावर जायचे आणि तिथेच पाटाच्या कडेला उभं राहून प्रार्थना करून यायचे. अंगात पांढरा सदरा, खाली चिखलाने भरलेल्या वहाणा. त्यांना पाळक केलं ते माझ्या जन्माआधी. आमच्या मिशनमध्ये बिशप नव्हते, असावेत असं कोणाला वाटतही नव्हतं. मिशनरी साहेब आणि मंडळीने निवडलेले पंच, यांनी मिळून डोक्यावर हात ठेवले की माणूस पाळक झाला. बाबांच्या वेळी साहेब होते आणि तीन पंच होते. साहेब पुढे मायदेशी गेले, दोन पंच वारले, उरले ते दगडूआबा.

दगडूआबा विहिरी खोदायचे. सुरुंग वेळेआधी उडून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. उरलेल्या तीन बोटांचा तो हात पहारीसारखा कडक होता. नाताळात आमच्याकडे फराळाला आले की बाबांच्या दीक्षेची गोष्ट सांगितल्याशिवाय ते उठत नसत. "साहेबाचा हात मऊ, लोन्यावानी. माजा पडला तवा तुजा बाप दचाकला, इस्तेर. त्याला वाटलं दरड पडली." बाबा हसून डोकं चोळायचे. आई आतून म्हणायची, "आबा, करंज्या संपवा आधी." एस्तेर हे माझं नाव गावात कोणाच्याच तोंडात नीट बसलं नाही, आबांच्या तर नाहीच.

मी दहावीत असताना आई गेली. पोटात गाठ होती. शिरूरच्या दवाखान्यातून तिला घरी आणली ती तिने हट्ट केला म्हणून. शेवटच्या आठवड्यात तिने प्रभुभोजन मागितलं. चपाती मी केली. ती खाटेवरून सांगत होती, "पातळ कर, अजून पातळ." बाबांनी चपातीचा मोहरीएवढा तुकडा मनुकांच्या पाण्यात बुडवून तिच्या जिभेवर ठेवला. तिला गिळता येत नव्हतं. दगडूआबा डोक्यावरचं पागोटं काढून भिंतीला टेकून उभे होते. किती तरी वेळ आई तो तुकडा तोंडात धरून होती, आणि मग म्हणाली, "आता बरं वाटतंय." त्यानंतर ती चार दिवस होती, पण माझ्या लेखी तिचं शेवटचं वाक्य तेच.

तिच्यामागे घरात आम्ही दोघंच उरलो आणि दोघांनाही बोलण्याची सवय नव्हती. बोलायची ती आई. जेवताना भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू यायचा, शेजारच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की तर फारच. दहावी झाल्यावर बाबांनी मला पुढच्या शिक्षणासाठी दौंडला आत्याकडे ठेवलं. आत्याचे यजमान, त्यांना मी मामा म्हणायची, रेल्वेत गार्ड होते. न्हावऱ्याहून चौफुल्यापर्यंत एक एसटी, तिथून दौंडची दुसरी. बाबा चौफुल्यापर्यंत आले, मला दुसऱ्या गाडीत बसवलं, आणि खिडकीतून म्हणाले, "मनुकांचं मी बघतो. तू काळजी नको करू." मला खरं तर मनुकांची आठवणही झाली नव्हती.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दिवसभर शंटिंगचा आवाज असायचा. डबे एकमेकांवर आदळायचे आणि तो दणका डब्याडब्यातून लांबवर जायचा. आत्या स्वभावाने वाईट नव्हती. कटलेट करायची, कस्टर्ड करायची, माझ्या केसांना तेल लावून द्यायची. पण लग्नानंतर ती बिशपच्या चर्चची झाली होती आणि न्हावरे तिने मागे टाकलं होतं. "इथं हाय-न्हाई करू नको गं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. तिथल्या मुली हिंदी बोलायच्या, मध्येच इंग्रजी. मी तोंड उघडलं की एकमेकींकडे बघायच्या. मग मी तोंड उघडणं कमी केलं. कॉलेज, क्वार्टर, चर्च एवढ्यात माझा दिवस संपायचा आणि त्यात कोणी मला नावाने हाक मारल्याचं फारसं आठवत नाही.

चर्च मात्र मला आवडलं होतं. दगडी बांधणी, उंच छत, खरी घंटा. रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी लोक बाकांवरून उठून रांगेने पुढे जायचे, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, आणि पाद्रीसाहेब त्यांच्या तळहातावर पांढरी गोल वाफर ठेवायचे. आत्या जायची, मामा जायचे, माझ्या वयाच्या मुली जायच्या. मी बसून राहायची. दृढीकरण झाल्याशिवाय, म्हणजे बिशपने डोक्यावर हात ठेवल्याशिवाय, तिथे प्रभुभोजन मिळत नसे. अख्खा बाक रिकामा व्हायचा आणि त्यात मी एकटी. परत येणाऱ्यांना वाट द्यायला पाय आखडून घ्यायचे. असं वर्षभर बसल्यावर माणूस काहीही करायला तयार होतो. मी दृढीकरणाच्या वर्गात नाव दिलं.

पाद्रीसाहेब शांत, हळू बोलणारे होते. एका शनिवारी त्यांनी आम्हा दहा-बारा मुलामुलींना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला पुढच्याच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. "सगळ्यांत मागचा तो प्रभू," ते म्हणाले. "प्रभूने प्रेषितांवर हात ठेवले, प्रेषितांनी पहिल्या बिशपांवर, त्यांनी पुढच्यांवर. आजपर्यंत हा हात कुठेही सुटलेला नाही. म्हणून आमच्या हातून जी भाकर मिळते ती नुसती भाकर नसते." मग समजावून सांगण्यासाठी त्यांनी मधल्या एकाला बाजूला काढलं. मी उंच होते, मधोमध होते, म्हणून मला. "आता बघा. एस्तेरच्या पुढचे सगळे चांगलेच आहेत, पण हात पोचतो का?" पोरं म्हणाली, नाही.

वर्ग सुटल्यावर मी मागे थांबले. माझे वडील पाळक आहेत, असं सांगितलं. त्यांच्यावर कोणी हात ठेवले, ते त्यांनी विचारलं. मी म्हणाले, साहेब आणि तीन पंच. "बिशप कोणी होते?" मी नाही म्हणाले. त्यांनी फळ्यावरचा खडू पुसला. "तुझा बाप्तिस्मा खरा आहे, त्याची चिंता करू नकोस," ते म्हणाले. "वडील देवाची माणसं गोळा करतात, फार मोठं काम आहे. पण प्रभुभोजन... आमच्या समजुतीप्रमाणे ते एक पवित्र स्मरण आहे. त्याहून जास्त मला म्हणता येणार नाही, बाळ." त्यांना ते सांगताना जड जात होतं, हे मला दिसलं. पण मी विचारलं होतं आणि ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते.

आता मी शिक्रापूरला मुलाकडे राहते. गॅलरीखालून दिवसभर ट्रक जातात, आणि समोरच्या चौकात फ्लेक्स लागलेला असतो: अमुक बिशप, तमुक प्रेषित, चंगाई सभा, पार्किंगची सोय. परवा त्यातल्या एका बिशपने आमची लिफ्ट अडवून मला पत्रक दिलं. तिशीतला असेल, छान हसरा. मी विचारलं, "तुमच्यावर कोणी हात ठेवला?" तो म्हणाला, "आंटी, डायरेक्ट प्रभूने." मुलगा म्हणतो, कशाला लोकांना छेडतेस. पण मी छेडत नव्हते. ज्या प्रश्नावर आमच्या घरात इतकं झालं, तो आता कोणाला पडतच नाही, याचं मला हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

त्या वर्षी परीक्षा संपवून मी न्हावऱ्याला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता. सकाळी जाग आली तेव्हा बाबा चुलीपुढे बसून चपाती लाटत होते. तिला एका बाजूने शेपूट फुटलं होतं. ते बोटाने दाबून बाबा ती गोल करू बघत होते. मनुका त्यांनीच पिळल्या होत्या, फडकं आईचंच. मी उठून मदत करायला हवी होती. मी अंथरुणातच डोळे मिटून पडून राहिले, कारण तवा उतरेपर्यंत मला घ्यायचं की नाही ते ठरवायचं होतं. आमच्या मंडळीच्या खोलीत कठडा नव्हता, रांग नव्हती. ज्याने त्याने जागेवर बसायचं आणि जर्मनचं ताट हातोहात पुढे जायचं. ते माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी तुकडा न घेता ताट शेजारच्या बाईकडे सरकवलं. एवढ्याशा खोलीत काही लपत नाही. बाबा प्याला हातात घेऊन उभे होते आणि माझ्याकडेच बघत होते. त्यांनी पुढचं वाक्य चुकवलं. वीस वर्षं पाठ असलेलं वाक्य.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या पुढ्यात हुलग्याचं माडगं ठेवलं आणि विचारलं, "पोट दुखतंय का?"

मी म्हणाले, "न्हाई."

"मग?"

मी सगळं सांगितलं. रांग, डोक्यावरचे हात, बाजूला काढलेली मी. पाद्रीसाहेबांचे शब्द जसेच्या तसे. बाबा रागावतील अशी माझी तयारी होती, उत्तरंही तयार होती. ते पाटावर बसले, वाटीतलं माडगं गार होऊ दिलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग तुझ्या आईला मी काय दिलं?"

त्या उन्हाळ्यात आम्ही आधीपेक्षाही कमी बोललो. मी सुटी अर्धी टाकून दौंडला परत गेले.

पुढच्या वर्षी दोन्हीकडच्या, मिशनच्या आणि बिशपच्या, मंडळ्यांनी एक व्हायचं ठरलं. ते वरच्या लोकांनी ठरवलं होतं, आमच्यापर्यंत फक्त पत्र आलं. मिशनच्या पाळकांनी दौंडला एका रविवारी यावं, बिशपसाहेब त्यांच्या डोक्यावर हात ठेवतील, मग सगळे पाळक एका मंडळीचे. त्या विधीचे शब्द मोठे हुशारीने बेतले होते. ही नवी दीक्षा आहे की नुसता आशीर्वाद, ते ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे समजावं. आमच्याकडच्या बऱ्याच पाळकांनी जायचं नाही असं ठरवलं. मी तेव्हा घरी होते. दगडूआबा ओट्यावर बसून म्हणाले, "एकदा लगीन झालेल्या माणसानं परत मांडवात बसायचं का? जाऊ नगंस तू." बाबा म्हणाले, "बघू." बाबांचं 'बघू' म्हणजे नाही, हे आबांना ठाऊक होतं. ते निर्धास्तपणे घरी गेले.

त्या रविवारी दौंडच्या चर्चमध्ये मी दृढीकरणाच्या मुलींबरोबर पुढच्या बाकावर होते, पांढरी साडी आणि डोक्यावर जाळीचा रुमाल. मिशनचे पाळक आत आले ते चारच. चौथे बाबा. त्यांनी मला सांगितलं नव्हतं. नवा झगा त्यांना आखूड होता, खाली पायजम्याच्या कडा दिसत होत्या. आत्याने मागून माझ्या पाठीला बोट लावलं. तिला फार आनंद झाला होता. बाबा कठड्याशी गुडघे टेकून बसले. बिशपसाहेब म्हातारे होते, त्यांचे हात थरथरत होते, ते बाबांच्या विरळ केसांवर टेकले आणि लगेच उचलले गेले. बाबा दचकले नाहीत. थोड्या वेळाने तेच हात माझ्या डोक्यावर आले. मग वाफर. ती टाळूला चिकटली आणि जिभेने सोडवताना मला एवढंच जाणवलं की बाबा कुठे बसलेत ते मला दिसत नाही. इतकी वाट पाहिलेला दिवस, आणि मी त्या भरलेल्या चर्चमध्ये आधीच्या कुठल्याही रविवारपेक्षा एकटी होते.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "आता माझ्या हातचं खाशील ना?" मी हो म्हणाले.

पुढच्या पहिल्या रविवारी न्हावऱ्यात मी ताटातला तुकडा घेतला. बाबांचा चेहरा उजळला, मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि तो पुन्हा उतरला. भिंतीजवळची दगडूआबांची जागा रिकामी होती. आबा ना पावसात चुकले होते ना तापात. दुपारी बाबा त्यांच्याकडे निघाले आणि मला म्हणाले, "चल."

आबा अंगणात लिंबाखाली दोर वळत बसले होते. मंडळीतल्या रिवाजाप्रमाणे सलाम झाला. सुनेने गुळाचा चहा आणून ठेवला. आबांनी दोर सोडला नाही.

"मंडळीत आला न्हाईत," बाबा म्हणाले.

"गुडघं दुखत्यात." मग दोराला पीळ देत, "तुजं न्हाई दुखलं वाटतं, बिशपापुढं टेकवताना."

बाबा उठले आणि त्यांच्यापुढे त्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून बसले. "आबा, परत एकदा हात ठेवा. तुमचाच ठेवा."

आबांनी दोर बाजूला ठेवला. मला वाटलं आता ठेवतील. त्यांनी तो तीन बोटांचा हात आपल्या मांडीखाली घातला.

"न्हाई," ते म्हणाले. "म्या परत ठिवला तर पयला खोटा ठरंल. त्यो खोटा न्हाई. तुज्या बायकूला तू घास दिलास तवा म्या हुतो तितं. तिनं खाल्लं ते खरंच खाल्लं, म्या डोळ्यानं बगितलंय. बिशपानं काय केलं ते त्याचं त्याला ठावं. पर तुला कमी काय पडलं हुतं रं? मोठेपना पायजे हुता? आमच्या हातांची लाज वाटली?"

बाबा मान खाली घालून रडत होते. आईच्या मातीलाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्यामागे उभी होते. 'आबा, ते माझ्यासाठी गेले, मी ताट पुढे सरकवलं म्हणून गेले,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. बाबांना ते कळलं असावं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. मला ते सोयीचं पडलं. मी गप्प बसले, आणि बाबा आबांना म्हणाले, "चुकलं माझं."

आबा पुढच्या महिन्यापासून मंडळीत येऊ लागले, ताटातला तुकडाही घेत, पण आमच्या घरी ते पुन्हा आले नाहीत. मी दोन वर्षं सुट्यांना येत-जात होते. त्यांचं घर वाटेवर होतं. एसटीतून उतरलं की त्यांचा लिंब दिसायचा, आणि दर वेळी मी ठरवायची की उद्या जाऊन सांगू. मग ते वारले, बाबा मोठेपणाला भुलले असंच समजून वारले. त्यांना माती बाबांनीच दिली. लोक पांगल्यावर बाबा कबरीशी थांबले, हातची माती झटकली, आणि मला म्हणाले, "आता कळलं असंल त्यांना." त्यांनी ते माझं समाधान व्हावं म्हणून म्हटलं, हे मला तेव्हाही कळलं होतं. आबांना ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं.